हरणाऱ्याची जागा

कोणत्याही स्पर्धेत कोणी जिंकावयाचे तर कोणी तरी हरावेच लागते. हे इतके उघड आहे की ते कोणी बोलून दाखवीत नाही. खेळांचा इतिहास लिहिताना आपण विजेत्यांची नावे कोरून ठेवतो. हरूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावयास येणाऱ्या माणसाचा मात्र आपल्याला विसर पडतो. वस्तुतः खेळ टिकतो तो त्याच्याच जिवावर. इंटरनेटवरून शेकडो लोकांनी एकत्र खेळावयाच्या स्पर्धात्मक खेळांच्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या इतिहासात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते, म्हणून आम्ही आज तो विषय मांडीत आहोत. घरची मुले ज्या खेळांपायी रात्री जागवितात त्यांना कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. परंतु ह्या इतिहासात एक जुनाच प्रश्न दडलेला आहे : बलवान आणि दुर्बळ ह्यांनी एका नगरात नांदावे कसे?

सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथील ओरिजिन सिस्टिम्स ह्या कंपनीने ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ सुरू केला. रिचर्ड गॅरियट हे त्याचे प्रवर्तक आणि राफ कोस्टर हे त्याचे एक प्रमुख रचनाकार. ब्रिटानिया नावाचे एक काल्पनिक राज्य. त्यात कोणी सुतार व्हावे, कोणी लोहार, कोणी मासे धरावेत. थोड्याच काळात खेळाचे वर्गणीदार एक लाखावर गेले. पण नगराची वेस ओलांडली की कोणीही कोणालाही ठार करावे आणि त्याचे सामानसुमान लुटून न्यावे, अशी तेथे मोकळीक होती. दिवसभर काम करून रात्री तासभर खेळावयास बसणारा मनुष्य खाणीतून लोखंड घेऊन निघे आणि वाटेतच नागविला जाई. जणू पेंढाऱ्यांचाच सुळसुळाट!

लोक आपला बंदोबस्त आपणच करतील, अशी रचनाकारांची आशा होती. खुनी माणसाचे नाव लाल अक्षरांत दिसू लागले, त्याच्या डोक्यावर इनाम लावण्याची सोय झाली, कीर्ती-अपकीर्तीचे नियम बदलून पाहण्यात आले. पण लुटारूंचा उपद्रव थांबेना. कारण उघड आहे. लुटारूपाशी वेळ होता, सराव होता आणि सोबती होते. नवख्यापाशी होता तो एक तास. मार्च १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ हा प्रतिस्पर्धी खेळ आला. सामान्यपणे तेथे एका खेळाडूला दुसऱ्यावर त्याच्या संमतीवाचून हल्ला करता येत नसे. नागविलेल्या माणसाला आता जावयास दुसरे गाव मिळाले होते.

अखेर २००० साली ब्रिटानियाची एक हुबेहूब प्रतिकृती करण्यात आली. राज्याच्या दोन चंद्रांवरून दोन्ही भूमींना नावे मिळाली. फेलुका ही जुन्या रिवाजाची भूमी, आणि ट्रॅमेल ही निर्भय भूमी. बहुसंख्य प्रजा ट्रॅमेलला निघून गेली. फेलुकातील शूर वीरांनी ओरड केली की खेळाचा आत्माच गेला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. भयावाचून साहसाला चव नसते. परंतु ते साहस आजवर दुसऱ्याच्या खर्चाने चालले होते, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. फाळणीनंतर खेळ बुडाला नाही. २००३ च्या सुमारास त्याचे वर्गणीदार अडीच लाखांच्या घरात पोहोचले.

तथापि फाळणीने अभय मिळते, स्पर्धा मिळत नाही. ज्याला नवखेपणीही खरी झुंज हवी त्याचे काय? त्याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा, आणि त्यासाठी बळ मोजता आले पाहिजे. हे माप बुद्धिबळाने आधीच सिद्ध केले होते. मूळचे हंगेरीचे आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक आर्पाद एलो ह्यांची गुणांकनपद्धती अमेरिकेच्या बुद्धिबळ संघाने १९६० मध्ये आणि जागतिक संघाने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत ४०० गुणांचे अंतर असेल तर वरचढ खेळाडूने दहा डावांत सुमारे नऊ गुण मिळवावेत, असा तिचा हिशेब. पण ही पद्धती दोघांच्या डावापुरती. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी चमू करून खेळणाऱ्यांसाठी ‘ट्रूस्किल’ ही पद्धती तयार केली आणि २००५ मध्ये ती वापरात आली. तीत प्रत्येकाच्या नावे दोन आकडे असतात : एक त्याच्या कौशल्याचा अंदाज आणि दुसरा त्या अंदाजातील अनिश्चिती. नवख्याचा अंदाज २५ आणि अनिश्चिती सुमारे ८.३३ धरतात. अंदाजातून अनिश्चितीची तिप्पट वजा केली की शून्य उरते आणि तेथून त्याची गणना सुरू होते. ‘तू दुर्बळ आहेस’ असे ही पद्धती नवख्याला म्हणत नाही. ‘आम्ही तुला अजून ओळखत नाही’ एवढेच म्हणते. ह्या भेदात मोठी सभ्यता आहे.

अर्थात मापाला चुकविणारेही निघाले. कसलेल्या खेळाडूने नवे नाव धारण करून नवशिक्यांत शिरावे, ही खोड १९९० च्या दशकातील ‘वॉरक्राफ्ट २’ पासूनची. स्मर्फ ह्या व्यंगचित्रांतील बुटक्यांवरून तिला ‘स्मर्फिंग’ म्हणू लागले. दुसरी तक्रार अधिक सरळ होती : ‘दर वेळी तुल्यबळ माणूस समोर आला तर आम्हांला विसावा कधी?’ तिची परीक्षाही झाली. अॅक्टिव्हिजन कंपनीने २०२४ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ खेळातील एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. प्रयोगात जोड्या लावताना कौशल्याला दिले जाणारे वजन कमी केले होते. तेव्हा १०० पैकी ९० खेळाडूंचे पुन्हा खेळावयास येण्याचे प्रमाण घटले. वाढले ते केवळ वरच्या दहांचे. आकडे कंपनीचेच आहेत, हे ध्यानात ठेवून ते वाचावेत. तरी त्यांमागील तर्क बिनतोड आहे. तळचा खेळाडू निघून गेला की त्याच्या वरचा तळाला येतो. तोही कंटाळून गेला की त्याच्या वरचा. असे होता होता, काल दुसऱ्याला लोळविणारा आज स्वतःच लोळू लागतो.

आपल्या अंगणातील मुलांनी ह्या प्रश्नाचे उत्तर कधीच शोधून ठेवले आहे. धाकट्या भावंडाला ती ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात. तो बाद होत नाही, पण पळतो मात्र सर्वांबरोबर. ही सवलत उघड असते, हे तिचे वैशिष्ट्य. ‘फोर्टनाइट’ने २०१९ मध्ये नवख्यांसमोर यंत्रचलित खेळाडू उभे करण्यास प्रारंभ केला. कंपनीने तसे जाहीर केले होते, तरी समोरचा मनुष्य आहे की यंत्र हे ऐन डावात नवख्याला उमगेलच असे नाही. मिळालेला विजय आपला की बहाल केलेला, हा संशय मागे राहतोच. त्याच खेळाने मार्च २०२२ मध्ये दुसरा मार्ग चोखाळला. तेथे क्षणार्धात भिंती आणि जिने उभारण्याची हातोटी जुन्या खेळाडूंना साधली होती, आणि नवे त्यातच मार खात. कंपनीने बांधकाम वगळून एक निराळा प्रकार सुरू केला आणि जुना प्रकार तसाच ठेवला. येथे फसवणूक नाही. नियम सर्वांना सारखे, ठाऊक असलेले, आणि निवड ज्याची त्याची.

नवख्याचे रक्षण करावे. पण ते त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून करू नये, असा ह्या इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस दिसतो. त्याला अभय द्या, तोलामोलाचा प्रतिस्पर्धी द्या आणि खरा पराभवही द्या. कारण ज्याला खरोखर हरता येते त्यालाच खरोखर जिंकता येते. आणि विजेत्यांनी एवढे स्मरावे की आपल्यासमोर हरून जो उद्या परत येणार आहे, त्याच्यामुळेच उद्याचा डाव मांडला जाणार आहे.