भगरीचा कोंडा आणि व्हाइस सिटी

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्यातल्या मोलगीत राहणाऱ्या मी कॉम्प्युटर फक्त फोटोत पाहिला होता. पुढे काही वर्षांनी एक जुना पेंटियम फोर मिळाला. मोलगीच्या वाटेवरचा देवगोई घाट चढताना तो डबा मी मांडीवर धरून बसलो होतो.

पोरांना हवा होता कॉम्प्युटरवर २००३ मध्ये आलेला ‘व्हाइस सिटी’ हा गेम. त्याला १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक कार्ड लागायचं. आमच्याकडे कार्ड कुठलं! मदरबोर्डवरचीच चिप चित्रासाठी रॅममधून उसनवारी करायची. तरी गेम चालायचा, पण वीस मिनिटांत पडद्यावरच्या मोटारीची बैलगाडी व्हायची.

व्हायरस असणार म्हणून विंडोज एक्सपी तीनदा नव्याने टाकली. तीन रात्री वाया. शेवटी झाकण काढून पंखा उचलला. खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत धुळीचा जाड थर होता आणि त्यात अंगणात पाखडलेल्या भगरीचा कोंडा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. पेंटियम फोर तापला की लगेच बंद पडत नाही, आधी स्वतःचा वेग कमी करतो, हे मला तेव्हा कळलं. दाताच्या जुन्या ब्रशाने पाती झाडली, अक्कलकुव्याहून मागवलेली नवी पेस्ट लावली. गेम पुन्हा पळायला लागला.

एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले, पेंटियम फोरही भंगारात गेले. धूळ मात्र तीच आहे. तुमचा गेम अडखळत असेल, तर फॉरमॅट मारण्याआधी एकदा झाकण उघडून बघा.