डेक्कन कॉलेजचे माजी विद्यार्थी

पन्नाशी उलटली की महाविद्यालयीन स्नेह्यांच्या पत्रांतील मजकूर पालटतो. बदली-बढतीच्या वार्ता मागे पडतात. निवृत्ती, नातवंडे आणि कोणा वर्गबंधूचे निधन यांच्या वार्ता येऊ लागतात. अशा स्मृतींचे मोल केवळ हळहळीपुरतेच असते काय? पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा इतिहास याचे निराळे उत्तर देतो.

१८२१ साली संस्कृत पाठशाळेच्या रूपाने उदयास आलेली ही संस्था १८६८ मध्ये येरवड्याच्या वास्तूत गेली. त्या वास्तूस सर जमशेटजी जिजीभाई यांची मोठी देणगी लाभली होती. टिळक व आगरकर यांचा स्नेह येथेच दृढ झाला आणि १८८० साली निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे मनोरथ येथील विद्यार्थिदशेतच रचले गेले.

१९३४ मध्ये सरकारने हे कॉलेज बंद केले. तेव्हा माजी विद्यार्थी जुन्या आठवणी उगाळीत बसले नाहीत. त्यांनी संघटितपणे न्यायालयात दाद मागितली. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून कॉलेजचा पुनर्जन्म झाला. डॉ. इरावती कर्वे यांचे समाजशास्त्रीय आणि डॉ. सांकलिया यांचे पुरातत्त्वविषयक कार्य तेथेच बहरले. १९४८ पासून संस्कृत महाकोशाचे प्रचंड कार्यही तेथेच सुरू झाले.

परप्रांतात मंडळ चालविणाऱ्या आपणां सर्वांस यातून बोध घेण्याजोगा आहे. आठवणी माणसांबरोबर जातात. ज्या संस्थेने त्या दिल्या, ती पुढील पिढीच्या हाती सुरक्षित सोपविणे हेच दिवंगत सोबत्यांचे खरे स्मरण होय.