लाल्या : एका लाल पानाचा इतिहास

मंडळी, थंडीच्या तोंडावर आपल्या तळेगावच्या शिवारात एक वाक्य हमखास कानी येतं : "सर, पऱ्हाटीवर लाल्या आला." यातल्या 'आला'कडे जरा लक्ष द्या. टोळधाड यावी तसा लाल्या बाहेरून येतो, असं आपण धरून चालतो. मला आज एवढंच सांगायचं आहे की लाल्या बहुतेक वेळा येत नाही, तो घडतो. आणि त्या घडण्याला इतिहास आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि आपल्या भागातल्या कापसाला मागणी आली. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला. हिंगणघाटच्या कापसाचं तेव्हा मोठं नाव होतं. तो देशी कापूस, कोरडवाहू जमिनीत मुरलेला. पुढे लांब धाग्यासाठी अमेरिकन जाती रुजवल्या गेल्या. १९७० मध्ये सुरतहून एच-४ हा संकरित वाण आला, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीपासून पात्या-फुलं वाचली, तशी झाडावर बोंडं एकदम लागू लागली. उत्पन्न वाढलं, पण झाडाची भूकही वाढली. जमीन मात्र तीच राहिली, आणि पुष्कळ ठिकाणी हलकी.

आता पानात काय होतं ते पाहू. भरणारी बोंडं जुन्या पानांतलं नत्र ओढून घेतात. मॅग्नेशियम कमी असेल तर हरितद्रव्य तयार होत नाही. त्यातच रात्रीचा पारा १५ अंशांच्या खाली उतरला की हिरवा रंग विरतो आणि अँथोसायनिन हे तांबडं द्रव्य साठतं. पान लाल होतं ते असं.

कुंडीतला जुनिपर ठाऊक आहे ना, बोन्साय करतात तो? थंड प्रदेशात तोही हिवाळ्यात तांबूस-तपकिरी पडतो. नवखा माणूस घाबरतो, खत-पाणी ओततो. निरोगी झाड मात्र वसंतात आपसूक हिरवं होतं. तिथे शहाणपण थांबण्यात आहे. पऱ्हाटीचं तसं नाही. तिचं पुरतं लाल झालेलं पान सहसा परत हिरवं होत नाही, गळून जातं. इथे शहाणपण वेळेवर हात हलवण्यात आहे.

आमच्या न्यायशास्त्रात 'सव्यभिचार' नावाचा हेत्वाभास सांगितला आहे. जी खूण साध्य असतानाही दिसते आणि नसतानाही दिसते, तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. "पान लाल आहे, म्हणून रोग आहे" हे अनुमान त्याच जातीचं. लाल पान भुकेचं असेल, थंडीचं असेल, वावरात साचलेल्या पाण्याचं असेल, तुडतुड्यांचंही असेल.

ही नुसती तर्काची चूक नाही, मंडळी. रोग म्हटलं की हात औषधाच्या बाटलीकडे जातो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्याची कारणं वेगळी होती, लाल्याशी ती जोडू नका. पण पंप पाठीवर घेणं किती महाग पडू शकतं, हे आपण जवळून पाहिलं. मग भुकेल्या झाडावर विष कशाला मारायचं?

म्हणून आधी पान उलटून बघा. कडा खाली वळल्या असतील, खाली तिरपे चालणारे तुडतुडे असतील, तर कीड आहे. खालची जुनी पानं शिरांमध्ये लाल आणि शिरा हिरव्या, तर भूक आहे. मग बोंडं भरताना, पानं पुरती लाल व्हायच्या आधी, २ टक्के युरिया किंवा डीएपी द्या, मॅग्नेशियम सल्फेट द्या. त्याहून आधी माती तपासून घ्या.

आजोबांच्या पऱ्हाटीला आपण कमी मागत होतो. आज जास्त मागतो, तर तिला काय लागतं हे विचारणंही आपल्याकडेच आलं. लाल पान तेवढंच सांगत असतं.