उशाशी जागणारी बाई

माझी भाची नेदरलँड्समध्ये असते, आयंडहोव्हनला. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गेली तेव्हा तिला वेळेवर पोचता आलं नाही. त्याला आता दोन वर्षं होतील. मध्यंतरी फोनवर म्हणाली, ''मावशी, इथे तीन दिवसांचं रिट्रीट असतं. ट्रफल देतात, सोबत गाइड असतो. आत साचलेलं मोकळं होतं म्हणतात. जाऊ का? तू एवढी वर्षं त्या वॉर्डात काढलीस, म्हणून तुला विचारते.''

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत नर्स होते, त्यातली १९ मनोरुग्ण विभागात. तिला म्हटलं, थांब, मला वाचू दे. अळंबी आम्ही साताऱ्याकडे पावसाळ्यात आवडीनं खातो. पण ही अळंबी वेगळी, हिच्यात मनाला हलवून टाकणारं द्रव्य असतं. नेदरलँड्सनं २००८च्या डिसेंबरपासून तिच्यावर बंदी घातली, मात्र त्याच बुरशीच्या जमिनीखाली धरणाऱ्या गाठी, म्हणजे ट्रफल, बंदीबाहेर राहिल्या. भाचीचं रिट्रीट त्यांच्यावर चालतं. हे सगळं आलं कुठून, याचा माग काढत गेले आणि मेक्सिकोतल्या एका डोंगरी गावात, एका निरक्षर बाईच्या दारात जाऊन थांबले.

गावाचं नाव वाउत्ला दे हिमेनेस. वाहाका राज्यात, मासातेक लोकांच्या डोंगरात. मासातेक भाषा सुरांवर चालते, इतकी की तिथले पुरुष शब्द न उच्चारता नुसत्या शिट्टीनं या उतारावरून त्या उतारावर बोलतात. पावसाळा आपल्यासारखाच जूनला सुरू होतो आणि पहिल्या सरींमागून अळंबी उगवते. तिला तिथे अळंबी म्हणत नाहीत. तिचं नाव घ्यायचं ते लाडानं आणि अदबीनं, आपोआप वर येणारं लेकरू अशा अर्थाचं. स्पॅनिशमध्ये 'पवित्र बाळं' म्हणतात. आणि तिच्याभोवती होणाऱ्या विधीचं स्पॅनिश नाव आहे 'वेलादा', म्हणजे रात्र जागून काढणं. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे : जागरण.

हे जागरण फार जुनं आहे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे सागुन या स्पॅनिश पाद्र्यानं अ‍ॅझटेक लोकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्यात मधाबरोबर अळंबी खाऊन नाचणाऱ्या, रडणाऱ्या, आपलं पुढचं मरण पाहणाऱ्या माणसांचं वर्णन आहे. चर्चला त्यात सैतान दिसला. छळ झाला आणि विधी घराच्या आत, काळोखात गेला. इतका आत की १९१५मध्ये विल्यम सॅफर्ड नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं अशी अळंबी कधी नव्हतीच, जुन्या लेखकांनी वाळलेल्या निवडुंगाला अळंबी समजलं, असं ठामपणे मांडलं. त्या वेळीही वाउत्लात दर पावसाळ्यात जागरणं होत होती. १९३८मध्ये रिचर्ड शुल्टेस हा तरुण अभ्यासक तिथे गेला आणि नमुने घेऊन परतला, तेव्हा कुठे विद्वानांचा तो वाद मिटला.

विधी असा. घरात कुणीतरी आजारी असतं, किंवा माणूस परतलेला नसतो, किंवा गुरं हरवलेली असतात. म्हणजे प्रश्न असतो. प्रश्नाशिवाय जागरण नाही. चार दिवस स्त्रीपुरुषांनी संयम पाळायचा. अळंबी आणायची, कोपाल या धुपाच्या धुरावर धरायची, आणि रात्री देवापुढे, म्हणजे मेरीमातेच्या आणि संतांच्या तसबिरींपुढे, जोडीजोडीनं खायची. मग मेणबत्ती विझवायची. घरची माणसं तिथेच, चटयांवर. पहाटेपर्यंत वैदीण गाते, टाळ्या वाजवते, आजाऱ्याला हाका मारते.

एक गोष्ट वाचून मी चष्मा काढून बसले. ते औषध मुख्यतः वैदीण खाते. रोग्याला द्यायचं का आणि किती, ते ती ठरवते. भाचीच्या रिट्रीटमध्ये खाणार ती भाची, आणि गाइड शुद्धीवर बसून राहणार. वाउत्लात रोग्यासाठी स्वतः त्या वाटेनं जाऊन यायचं, हीच वैदिणीची मेहनत होती.

मारिया साबिना ही अशा वैदिणींतली एक. जन्म १८९४चा. बाप ती लहान असतानाच गेला. ती आणि तिची बहीण रानात कोंबड्या-शेळ्या राखायच्या. एकदा एका वैदूला त्यांनी आजारी काकासाठी जागरण करताना पाहिलं होतं. पुढे रानात भुकेपोटी त्यांनी तीच अळंबी तोंडात घातली. मग लग्न, मुलं, वैधव्य. पुढे बहीण फार आजारी पडली आणि कशानंच उतार पडेना, तेव्हा साबिनानं भरपूर अळंबी खाल्ली आणि तिच्यासाठी जागरण केलं. त्या रात्री तिला एक ग्रंथ दिसला. तिला अक्षरओळख नव्हती, तरी तो वाचता आला, आणि मग तो ग्रंथ परत नेला गेला. लागत होतं ते तिच्याजवळ राहिलं. बहीण बरी झाली. हे सगळं तिनं म्हातारपणी आल्वारो एस्त्रादा या मासातेक लेखकाला तिच्या भाषेत सांगितलं आणि ते १९७७मध्ये स्पॅनिश पुस्तक म्हणून आलं.

तिच्या गाण्याविषयी एक सांगितलंच पाहिजे. ती गाताना ओळ झाली की शेवटी एक छोटा शब्द टाकते, 'त्सो'. अर्थ : म्हणते. मी शोध घेणारी बाई आहे, म्हणते. मी पाण्याखाली पाहणारी बाई आहे, म्हणते. अशा धर्तीवर ते चालतं. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी 'म्हणे' येतं, पण तिथे संत स्वतःचं नाव घालतो. ही बाई उलट करते. बोलणारी मी नाही, ती बाळं बोलतात, माझा फक्त गळा, असं ती प्रत्येक ओळीला कबूल करते.

१९५५च्या २९ जूनच्या रात्री तिच्यासमोर दोन परके बसले. गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष, आणि अ‍ॅलन रिचर्डसन हा छायाचित्रकार. वॉसनची बायको व्हॅलेंटिना ही रशियन, मुलांची डॉक्टर. १९२७मध्ये लग्नानंतर फिरायला गेले असताना तिनं रानातली अळंबी आनंदानं गोळा केली आणि तो दचकून मागे सरला. एकाच वस्तूवर दोघांचं मन इतकं वेगळं का, या प्रश्नापायी त्या जोडप्यानं पुढची तीस वर्षं अळंबीचा अभ्यास केला. वाउत्लात गावच्या एका अधिकाऱ्यानं शब्द टाकला, म्हणून साबिनानं या पाहुण्यांना बसू दिलं. दोघांना सहा-सहा जोड्या दिल्या, स्वतः तेरा घेतल्या. फोटो फार विश्वासातल्या माणसांखेरीज कुणाला दाखवू नका, असं तिनं सांगितलं होतं.

१३ मे १९५७च्या 'लाइफ' साप्ताहिकात तो सगळा वृत्तान्त फोटोंसकट छापून आला. नाव बदललं होतं, चेहरा तोच होता. वॉसन आजारी नव्हता आणि त्याच्या घरीही कुणी आजारी नव्हतं. त्याला अनुभव हवा होता. साबिनानं पुढे एस्त्रादाला सांगितलं ते नेमकं हेच, की या लोकांच्या आधी नुसता देव बघायला म्हणून ही बाळं कुणी खाल्ली नव्हती. ती खायची ती आजाऱ्यासाठी.

वॉसनवर मात्र मला नुसता राग धरता येत नाही, कारण त्याच्यामुळेच एका रात्रीची नोंद राहिली आहे. जुलै १९५८. साबिनासमोर १७ वर्षांचा मुलगा, बराच आजारी. वॉसननं ती रात्र ध्वनिमुद्रित केली आणि १९७४मध्ये मासातेक शब्द, त्यांचं भाषांतर आणि स्वरलिपी यांसह तिचं पुस्तक निघालं. त्या रात्री साबिना गाते, शोधते, हाका मारते, आणि बाळं सांगतात की हा मुलगा जगणार नाही. ती ते दडवत नाही. मुलाच्या आणि घरच्यांच्या समोर सांगते आणि तरी पहाटेपर्यंत गात राहते. काही आठवड्यांनी मुलगा गेला.

रात्रपाळीत मी असे क्षण पाहिले आहेत. डॉक्टर घाईनं सांगून जातात आणि नातेवाईक भिंतीला टेकून उभे राहतात. कुणीतरी स्टूल ओढून जवळ बसायचं असतं. वॉर्डात ४० खाटा, आम्ही दोघी. मी बसले त्या रात्रीही आठवतात आणि बसता आलं नाही त्या जास्त आठवतात. म्हणून मला त्या बाईचं मोठेपण तिच्या दृष्टान्तांत वाटत नाही. उपाय नाही हे कळल्यावर ती उठून गेली नाही, यात वाटतं.

बाकीचं जगजाहीर आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम यांनी अळंबीची जात ओळखली. १९५८मध्ये बाझलच्या सांडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी तिच्यातलं द्रव्य वेगळं केलं, सायलोसायबिन. १९६२मध्ये हॉफमन स्वतः वाउत्लाला गेले आणि साबिनाला त्याच्या गोळ्या दिल्या. तिनं त्या घेऊन जागरण केलं आणि सांगितलं की अळंबीत जे असतं ते यांतही आहे. उरलेल्या गोळ्या तिनं ठेवून घेतल्या. का, तर पाऊस संपला की अळंबी मिळत नाही आणि माणसं तर बारा महिने आजारी पडतात. नवं औषध हाती आल्यावर तिला पहिल्यांदा आठवले ते कोरड्या दिवसांतले रोगी.

मग लोंढे आले. साठच्या दशकात अमेरिकेतून, युरोपातून, मेक्सिको शहरातून तरुण मुलं आली. कुणी आजारी नाही, प्रश्न नाही, संयम नाही, दिवसाढवळ्या खायचं. १९६९मध्ये लष्करानं त्यांना हुसकावलं आणि पुढची काही वर्षं गावाच्या वाटेवर पहारा ठेवला. साबिनाच्या दारात पोलीस आले, तिचं घर जाळलं गेलं, गावातले काही तिला दोष देऊ लागले. परके आल्यापासून बाळांची ताकद गेली, असं ती म्हणायची. २२ नोव्हेंबर १९८५ला ती गेली, गरिबीतच.

१९७१च्या आंतरराष्ट्रीय करारानं सायलोसायबिन सर्वांत कडक यादीत टाकलं. लहान समाजांच्या पारंपरिक विधींपुरती सूट मागायची वाट त्या करारात होती, आणि मेक्सिकोनं ती घेतली. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात ते आहेच. अभ्यास बरीच वर्षं थांबला. २००६पासून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे शोधनिबंध येऊ लागले. २०१६मध्ये तिथून आणि न्यूयॉर्क विद्यापीठातून कॅन्सरच्या रोग्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. एका मात्रेनंतर त्यांतल्या अनेकांची भीती आणि खिन्नता महिनोन्‌महिने कमी राहिली. त्या प्रयोगांत आधी रोग्याची ओळख करून घेतात, दिवसभर दोन माणसं जवळ बसतात, नंतरही बोलणं होतं, आणि ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे त्यांना घेतच नाहीत. ऑरेगन राज्यात २०२०च्या मतदानानं परवान्याची केंद्रं मंजूर झाली आणि २०२३मध्ये ती सुरू झाली. आज रिट्रीटच्या माहितीपत्रांत 'प्राचीन ज्ञान' हे शब्द सर्रास असतात. त्या ज्ञानाचं गाव, त्या बाईचं नाव आणि तिचं म्हणणं मात्र क्वचित.

मी भाचीला परत फोन केला. तिला म्हटलं, ''तू आजारी आहेस, हे आधी मान्य कर. दुःख हा प्रश्नच आहे, आणि प्रश्न घेऊन जाणं चांगलं. तिथल्या लोकांना विचार : आमच्या घराण्यातला इतिहास विचारता का? तुझे आजोबा दोनदा वॉर्डात होते, हे सांग. मी झोपेच्या गोळ्या घेते, हे सांग. ते ऐकून त्यांनी नाही म्हटलं, तर ती माणसं चांगली समज. रात्री मला भीती वाटली तर माझ्याजवळ नक्की कोण असणार, त्याचं नाव विचार. आणि चौथ्या दिवशी मी रडत फोन केला तर उचलणार कोण, तेही.''

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''मावशी, आईच्या शेवटच्या रात्री जवळ कोण होतं?''

हे तिनं दोन वर्षांत विचारलं नव्हतं आणि मीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. मी होते, म्हटलं. मग त्या रात्रीचं सगळं सांगत बसले : सलाइन कितीला काढलं, ती काय बोलली, कुणाची आठवण काढली, पाणी कितीदा मागितलं. इथे पहाटेचे तीन वाजले. तिच्याकडे अजून रात्र बरीच बाकी होती. फोन दोघींनीही ठेवला नाही.