यकृताचे घड्याळ आणि जेवणाची वेळ

गोठ्यात घड्याळ नसते. तरीही वैरणीची वेळ झाली की गाय कान टवकारून दाराकडे पाहू लागते, आणि धन्याला उशीर झाला तर हंबरून सारा गोठा डोक्यावर घेते. जिवंत शरीराला वेळ कळते ती कशावरून? सूर्यावरून, असे आपण चटकन म्हणू. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर मिळायला शास्त्रज्ञांना जवळजवळ पाऊणशे वर्षे लागली. मी इतिहासाचा शिक्षक, वैद्य नव्हे. म्हणून औषधोपचार सांगणार नाही. त्या शोधाची हकीकत तेवढी सांगतो.

या हकीकतीत मुख्य पात्र आहे यकृत. उजव्या बरगड्यांखाली असलेला, सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव. मटणाच्या दुकानात जिला आपण कलेजी म्हणतो, ती म्हणजे बोकडाचे यकृतच. यकृत रक्तात साखर सोडते, हे फ्रान्समधील क्लोद बेर्नार यांनी १८४८ साली दाखवले. आणि ही साखर ज्या रूपात साठवून ठेवलेली असते तो ग्लायकोजेन नावाचा पदार्थ त्यांनी १८५७ साली वेगळा काढला. म्हणजे यकृत ही शरीराची कणगीच म्हणा ना. जेवण झाले की भरायची, आणि रात्री आपण झोपलो की त्यातून थोडे थोडे काढून मेंदूला पुरवायचे.

आता प्रश्न असा, की ही कणगी केवळ जेवणामुळे भरते आणि उपासाने रिकामी होते, की यकृताचा स्वतःचा काही दिनक्रम आहे? स्वीडनमधील एरिक फोर्सग्रेन यांनी १९२७-२८ च्या सुमारास सशांची यकृते दिवसाच्या निरनिराळ्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. कधी पेशी ग्लायकोजेनने भरलेल्या दिसत, तर कधी पित्ताच्या घटकांनी. साठवण आणि पित्त तयार करणे, ही दोन कामे यकृत आळीपाळीने करते, असे त्यांच्या ध्यानात आले. ही लय यकृताची स्वतःची आहे, अन्नाने घडवलेली नाही, असे त्यांचे मत होते. उलट अमेरिकेतील हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली उंदरांवरील अभ्यासातून असे मांडले, की जेवणाची वेळ हेही या लयीचे एक कारण आहे. १९३७ साली स्वीडनमधील रॉनेबी गावी या विषयाचे अभ्यासक जमले आणि त्यांनी जैविक लयींच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. पण मूळ वाद तसाच राहिला.

मध्ये बरीच वर्षे गेली. १९७२ साली अमेरिकेत दोन ठिकाणी उंदरांच्या मेंदूवर प्रयोग झाले. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. तो नष्ट केला की उंदराचा दिवस-रात्रीचा क्रम पार विस्कटून जातो. हेच शरीराचे मुख्य घड्याळ, आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागते. मग साहजिकच समज झाला, की मेंदू हा गावचा पाटील. त्याने दवंडी पिटायची आणि बाकीच्या अवयवांनी मुकाट्याने ऐकायचे.

पण यकृत तितकेसे आज्ञाधारक निघाले नाही, बरं का! उंदीर हा रात्री खाणारा प्राणी. जिनिव्हाच्या उएली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना फक्त दिवसाच अन्न दिले. २००० साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: यकृतातले घड्याळ पार उलटे फिरले, मेंदूतले मात्र जागचे हलले नाही. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियातील मायकेल मेनाकर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक युक्ती केली. ज्या उंदरांच्या पेशी आपल्या लयीनुसार कमी-जास्त उजळतात, असे उंदीर त्यांनी वापरले. दिवसाकाठी केवळ ४ तास अन्न दिल्यावर, दोनच दिवसांत यकृताची लय १० तास सरकली.

म्हणजे फोर्सग्रेनही खरे आणि हिगिन्सही खरे. यकृताला स्वतःचे घड्याळ आहे. पण त्याचे काटे लावते ते जेवण.

माणसाचे काय? माणसाचे यकृत काही असे उघडून पाहता येत नाही. म्हणून रक्त तपासतात. २०१७ साली इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी १० निरोगी तरुणांची सगळी जेवणे ५ तासांनी पुढे ढकलली. सहा दिवसांनंतर पाहिले, तर रक्तातील साखरेची लयही साडेपाच तासांहून अधिक मागे सरकलेली होती. मेंदूच्या घड्याळाच्या खुणा मात्र होत्या तिथेच होत्या. एकाच घरात दोन घड्याळे, आणि दोन्हींत वेगवेगळी वेळ!

ही गोष्ट नुसती कुतूहलाची नाही. रात्रपाळीचे कामगार, इस्पितळातल्या परिचारिका, रात्रीची वीज येते म्हणून अंधारात दारे धरणारा आपला शेतकरी, या सर्वांच्या ती रोजच्या जगण्यातली आहे. २०२१ साली बोस्टन येथे १९ जणांना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखे जागवले. ज्यांनी रात्रीही जेवण घेतले, त्यांच्या रक्तातील साखर सरासरीने सुमारे ६ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी तितकेच जागून दिवसाच जेवण घेतले, त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. १९ ही संख्या लहान आहे, आणि प्रयोगशाळा म्हणजे शेत नव्हे. म्हणून यावरून सर्वांना एकच नियम लावू नये. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ बदलू नये.

तरी शिक्षक बंधुभगिनींनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी. एका सशाच्या यकृतात दिसलेल्या फरकाचा अर्थ लागायला पाऊणशे वर्षे गेली, आणि भांडणारे दोन्ही पक्ष शेवटी अर्धे अर्धे बरोबर निघाले. आणि शेतकरी बांधवांसाठी एवढेच, की रात्री वीज केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. पण भाकरीचे फडके केव्हा सोडायचे, हे बरेचसे आपल्या हाती आहे.