हाताच्या खुणा आणि मेंदूला दिलेला करंट

हातात ताकद असते, पण काय करायचे ते हाताला साधत नाही, अशा विकाराचे नीट वर्णन जर्मन डॉक्टर ह्यूगो लीपमान यांनी १९०० मध्ये केले. त्यांच्या एका रुग्णाला सांगितलेली खूण उजव्या हाताने जमत नसे, डाव्याने जमे. या विकाराला अप्रॅक्सिया म्हणतात. १९०५ मध्ये लीपमान यांनी दाखवून दिले, की डाव्या मेंदूला इजा झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा धडधाकट डावा हातही खुणा करताना चुकतो. म्हणजे शिकलेल्या हालचालींचा साठा, निदान उजव्या हाताने काम करणाऱ्यांत, मुख्यतः डाव्या मेंदूत असतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी याचा अर्थ चटकन कळतो. यंत्रांच्या गोंगाटात क्रेनवाल्याला ‘वर घे’, ‘थांब’ हे हातानेच सांगावे लागते. व्हॉल्व्ह फिरवणे, पाना लावणे हीसुद्धा नुसत्या जोराची कामे नव्हेत. अर्धांगवायूतून उठलेल्या कामगाराच्या हातात जोर परतला, तरी ही सफाई परततेच असे नाही.

मेंदूला वीज दिली की हातपाय हलतात, हे लीपमान यांच्या आधीच माहीत होते. १८७० मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्यांच्या मेंदूवर तो प्रयोग केला होता, पण त्यासाठी कवटी उघडावी लागे. कवटी न उघडता हे साधायला एकशे दहा वर्षे गेली. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्यावरून जोरदार विद्युतझटका देऊन हाताचे स्नायू हलवले. प्रयोग यशस्वी झाला, पण वेदनादायक होता. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी चुंबकाचा मार्ग काढला. डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा प्रवाह सोडला, की बदलते चुंबकीय क्षेत्र कवटीतून आरपार जाते आणि आत वीज निर्माण करते. तत्त्व फॅरडे यांचे, १८३१ चे. ‘टक्’ असा आवाज होतो आणि बोट उडते.

दुसरी पद्धत त्याहून साधी. २००० मध्ये ग्योटिंगेनमध्ये नीत्शे आणि पाउलुस यांनी मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्यावर ठेवून जेमतेम एक मिलिअँपिअर प्रवाह दिला. त्याने बोट हलत नाही, पण मेंदूचा हालचालींचा भाग चेतायला सोपा किंवा अवघड होतो. २००९ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात पाच दिवस सरावाबरोबर असा प्रवाह मिळालेल्या निरोगी लोकांचे हस्तकौशल्य जास्त वाढले आणि तीन महिन्यांनंतरही ती आघाडी टिकली. २०१५ मध्ये इटलीतील बोलोनिनी आणि सहकाऱ्यांनी अप्रॅक्सिया असलेल्या सहा रुग्णांच्या डाव्या मेंदूच्या पार्श्विका (पॅरिएटल) भागावर प्रवाह दिला, तेव्हा त्यांना खुणांची नक्कल अधिक चांगली जमू लागली. आकडा सहाच, हे विसरू नये.

हे प्रयोग परदेशातले; महाराष्ट्रात हालचाल पुन्हा शिकवण्याचे काम संस्थारूपाने मुंबईत उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले, तर १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांचा तो काळ. फिजिओथेरपीत रुग्ण ज्याला ‘करंट लावला’ म्हणतात, तो मात्र स्नायूला किंवा नसेला दिलेला असतो. मेंदूला बाहेरून चेतवण्याची गोष्ट वेगळी.

मेंदूला चुंबकाने चेतवण्याच्या उपायाची मोठी परीक्षा २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. अर्धांगवायूच्या १९९ रुग्णांपैकी हाताच्या सरावाआधी काहींना खरे आणि काहींना खोटे चुंबकीय उद्दीपन दिले होते. दोन्ही गटांत सुमारे दोनतृतीयांश लोकांचा हात सुधारला, फरक पडला नाही. सराव दोघांचाही सारखाच होता. त्यामुळे हालचालींसाठी हे उपचार अजून नेहमीच्या वापरात रुळलेले नाहीत. ज्यांच्या डोक्यात धातूची क्लिप किंवा शरीरात पेसमेकर आहे त्यांना चुंबकीय उद्दीपन सहसा देत नाहीत, आणि फिट्स येणाऱ्यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी घ्यावी लागते, कारण क्वचित उद्दीपनानेच फिट येऊ शकते.