काल्हेरची खाडी आणि चापिंगोचा मका

भिवंडीहून ठाण्याकडे निघाले की अंजूरफाट्यानंतर पूर्णा लागते, मग काल्हेर, मग कशेळी, आणि मग खाडीवरचा पूल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आज गोदामांची रांग आहे. जेथे खाजण होते, भाताची खाचरे होती, तेथे पत्र्याच्या छपरांखाली साऱ्या जगाचा माल येऊन पडतो आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो. पुलापलीकडचा साष्टीचा काठ १७३७ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्या काळातही या खाडीच्या आसपास दूरदेशीचा माल उतरतच होता. फरक इतकाच, की त्या मालातला काही भाग येथेच रुजला.

त्याबरोबर शब्दही रुजले. 'बटाटा' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि पोर्तुगीज-स्पॅनिशांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांकडून उचलला. मुळात तो रताळ्याचा वाचक होता. प्रवासात कंद बदलला, नाव राहिले. तंबाखू आणि पपई यांची कुळकथाही त्याच मुलखाकडे नेते. इंग्रजांचा 'मेझ' म्हणजे तायनोंचा 'माहिझ'. १४९२ साली कोलंबस तेथे उतरला. त्यानंतर थोड्याच दशकांत रोगराई, वेठबिगार आणि कत्तली यांनी तायनो समाज मोडून पडला. बोलणारे गेले, त्यांचे शब्द मात्र आगरी घरातल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचले. आम्हांला ही गोष्ट नेहमीच थोडी अस्वस्थ करते. ज्यांचे आपण खातो त्यांचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

मग उलट दिशेचा प्रश्न सुचतो. त्या समुद्राकडून आपण इतके घेतले. आपल्याकडून तिकडे कोण गेले, आणि काय घेऊन? १८३८ पासून १९१७ पर्यंत गिरमिटिये मजूर ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, जमैका येथील उसाच्या मळ्यांवर गेले. पण ते बहुतांशी कलकत्त्याच्या आणि मद्रासच्या बंदरांतून. मराठी मजुरांचा ओघ वळला तो मॉरिशसकडे. मराठी माणसाला वेस्ट इंडीज खऱ्या अर्थाने कळले ते १९७१ साली, सुनील गावसकरांच्या ७७४ धावांमुळे. आणि अलीकडे ग्रेनाडासारख्या बेटांवर वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्या मुलांमुळे. त्याच ग्रेनाडावर १९८३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने फौजा उतरवल्या तेव्हा तेथील आपल्या विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे केले होते. परदेशी शिकणारा विद्यार्थी राजकारणात कसा वापरला जातो याचे हे एक उदाहरण. याशिवाय पाश्चात्य विद्यापीठांतली मुले सुटीत त्या बेटांवर 'सेवे'ला जातात, शाळेची भिंत रंगवतात आणि प्रमाणपत्र घेऊन परततात. त्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. पण त्या भिंतीच्या आत कोण शिकवते, हा प्रश्न भिंत रंगवून सुटत नाही.

या पार्श्वभूमीवर आठवण होते ती वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची. ते कॅरिबियन बेटांवर राहिले नाहीत हे आधीच सांगितले पाहिजे. त्यांचे कार्यक्षेत्र मेक्सिको. या देशाचा आग्नेय काठ कॅरिबियन समुद्राला लागतो, पण खानखोजे राहिले ते समुद्रापासून दूर, उंच पठारावर. तरीही तायनोंनी ज्याला नाव दिले त्या मक्याच्या मूळ भूमीत जाऊन मक्यासाठीच आयुष्याची उमेदीची वर्षे देणारा दुसरा मराठी माणूस आम्हांला माहीत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टिळकांच्या विचाराने भारलेला हा तरुण जपानमार्गे अमेरिकेला पोहोचला. पडेल ते काम करून शिकावे असा तो काळ. कॅलिफोर्नियातल्या तमालपाइस येथील लष्करी शाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांतून कृषिशास्त्राच्या पदव्या मिळवल्या. एकाच विद्यार्थ्याच्या एका हातात कवायतीची बंदूक आणि दुसऱ्या हातात बियाणे, हे चित्र आज विचित्र वाटेल. त्या पिढीला ते वाटत नव्हते. पश्चिम किनाऱ्यावरच्या लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांमध्ये त्यांनी काम केले. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत ते आघाडीवर होते. वॉशिंग्टनमध्येच शिकणारा दुसरा मराठी विद्यार्थी, तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे, उठावासाठी हिंदुस्थानात परतला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. खानखोजे महायुद्धाच्या काळात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले, निसटले, बर्लिनला गेले, १९२१ साली हिंदी क्रांतिकारकांच्या शिष्टमंडळाबरोबर मॉस्कोलाही जाऊन आले. मायदेशाचे दार बंद होते. १९२४ साली ते मेक्सिकोला पोहोचले.

आपल्या चरित्रकथनाची गंमत अशी, की येथवरचा भाग रंगवून सांगितला जातो आणि पुढची तीस वर्षे दोन परिच्छेदांत उरकली जातात. क्रांतिकारक या शब्दात आपण बंदूक गृहीत धरतो. आम्हांला मात्र खरी क्रांतिकारक वर्षे पुढचीच वाटतात.

मेक्सिकोत १९१० साली क्रांती झाली. १९१७ च्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमाने मोठ्या हासियेंदा, म्हणजे जमीनदारी वाडे, मोडून गावांना जमिनी देण्याचा मार्ग खुला केला. टेस्कोकोजवळची चापिंगोची हासियेंदा सरकारने घेतली आणि तेथे राष्ट्रीय कृषिविद्यालय आणले. तेथे खानखोजे प्राध्यापक झाले. पण ज्याच्या हाती जमीन आली तो शेतकरी त्या विद्यालयाच्या वर्गात बसणार कसा? त्याला स्पॅनिश वाचता येत नव्हते, बियाण्याला पैसा नव्हता, कर्ज देणारा जुनाच मालक होता. या पेचातून मोफत कृषिशाळा निघाल्या. खेड्यातच भरणारी, शुल्क नसलेली, प्रौढांनाही मुलांबरोबर घेणारी, फळ्याइतकीच शेताला मान देणारी शाळा. तिच्यापैकी एकीला एमिलियानो झापाता या शेतकरी नेत्याचे नाव होते. शिकवणाऱ्यांना याचे वेगळे मोल मिळत नव्हते. स्वयंसेवा हा शब्द वापरायचा तर येथे वापरावा.

त्याच वेळी प्रयोगशेतात मक्याचे काम चालू होते. मक्याचा रानटी आप्त असलेले तेओसिन्ते हे गवत आणि लागवडीचा मका यांचे संकर त्यांनी केले, मक्याचे नवे वाण वाढवले, गव्हावरही काम केले. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार स्त्रीने या शाळा व ही कणसे टिपली. १९३० साली तिला मेक्सिकोतून हद्दपार करण्यात आले. दिएगो रिव्हेरा तेव्हा चापिंगोच्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवीत होता. पुढे मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत त्याने 'आमची भाकरी' हे भित्तिचित्र काढले. टेबलाभोवती नाना वर्णांची माणसे जमली आहेत आणि मध्यभागी बसलेला एक सावळा माणूस पाव मोडतो आहे. त्या माणसाचा चेहरा खानखोज्यांचा. आणखी एक भिंत रंगवली गेली, पण शाळा आधी उभी राहिली होती; आमच्या मते क्रम महत्त्वाचा आहे.

येथे काल्हेरकडे पुन्हा वळावेसे वाटते. खानखोज्यांच्या शाळांच्या पाठोपाठच्याच वर्षांत, १९३३ पासून, कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. सहा-सात वर्षे जमीन पडीक ठेवून ती माणसे लाकूडफाटा विकून जगली. डॉ. आंबेडकरांनी त्या लढ्याला पाठिंबा दिला. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन हे त्या वाटेवरचे पुढचे टप्पे. कुळांचे मालक झाले. पण मालक झालेल्या कुळासाठी खाचराच्या बांधावर भरणारी शाळा आपण काढली नाही. खारे पाणी शिरलेल्या जमिनीत कोणते भात टिकेल, बांध फुटला तर तो सामुदायिक कसा धरावा, हे ज्ञान आगरी म्हाताऱ्यांकडे होते. त्याला शास्त्राची जोड देणारा कोणी प्राध्यापक खाजणात उतरला नाही. पुढे मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरची, पण मुंबईला लागून असलेली भूमी म्हणून व्यापाऱ्यांना या पट्ट्याचा शोध लागला, तेव्हा दोन पिढ्यांपूर्वी मिळवलेली जमीन भाड्याला जाणे ओघानेच आले. शेती नफ्याची नसताना गोदामाच्या भाड्याने मुले शिकली, पक्की घरे झाली. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. १९३३ च्या कुळाला जमीन कशासाठी हवी होती, एवढेच त्या पत्र्यांकडे पाहताना मनात येते.

खानखोज्यांचे परतणेही सरळ झाले नाही. १९४९ साली मध्य प्रांताच्या सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावले, तर इंग्रजी अमदानीतली काळी यादी अजून लागूच असल्याने स्वतंत्र भारताच्या दाराशी त्यांची अडवणूक झाली. पुढे ते कुटुंबासह नागपुरास स्थायिक झाले. मेक्सिकोत हजारो शेतकऱ्यांना माहीत असलेला हा माणूस नागपुरात एक वृद्ध, काहीसा विस्मृत स्वातंत्र्यसैनिक होता. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी २००८ साली इंग्रजीत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत वीणा गवाणकरांनी ते सांगितले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले.

दरम्यान आणखी एक गोष्ट घडली होती. १९४० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने मेक्सिकोत गव्हाचे नवे संशोधन सुरू झाले, नॉर्मन बोरलॉग तेथे आले, आणि मका व गहू यांचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले ते टेस्कोकोलाच, चापिंगोच्या शेजारी. हे काम खानखोज्यांच्या कामातून निघाले असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. दोहोंची पद्धत वेगळी होती आणि प्रेरणाही. एक खेड्यातल्या शेतकऱ्याला शिकवीत होते, दुसरे बियाणे घडवून जगाला देत होते. पण १९६६ साली दुष्काळाने गांजलेल्या भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले. त्यातले 'लेर्मा रोहो' आणि 'सोनोरा' हे वाण त्याच रब्बीत शेतांत पडले. पीक अजून शेतात उभे होते, तेव्हा २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात खानखोजे वारले.